‘आवं’ची ओळ

मी हाकांचा तक्ता बोलतोय. मलकापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, काउंटरखालच्या संगणकात माझा मुक्काम असतो. तिथं पंख्याची अखंड घरघर चालते आणि तिच्या नादात मी अर्धवट झोपेत असतो. झोपेत साऱ्या हाका एकमेकींत मिसळतात. कुणी एखादी शोधायला आलं, की मला जाग येते.

मला सुमैरानं घडवलं, तेही वैतागून. दवाखान्याचा संगणकातला प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. कागदावरच्या नावानं पुकारलं की पेशंट उठायचेच नाहीत! आता गावाकडं माणसाला कागदावरच्या नावानं हाक मारतंय कोण? मग तिनं प्रत्येक पेशंटला हाकांचं एक गाठोडं दिलं. नुसते साधे शब्द. पण पेशंटच्या तक्त्यात एका माणसाला एकच ओळ. तिच्या एका चौकटीत इतक्या हाका मावणार कशा? म्हणून प्रोग्रॅम आणि तक्ते यांची सांगड घालणाऱ्या मॅपर नावाच्या यंत्रणेनं मला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं.

माझ्या चौकटी दोनच. हाक कुणाची आणि हाक कोणती. माझ्या ओळींना स्वतःचा नंबर नाही. त्या माणसाच्या नंबरावर जगतात आणि त्याची नोंद गेली की त्याच्याबरोबर जातात.

एकदा कडेगावचे आकाराम मोतीबिंदू काढायला आले. लष्करातून निवृत्त झालेले, आठवण विरत चाललेली. सोबत त्यांच्या पत्नी, मनुबाई. काउंटरवरच्या इलियासनं ‘फौजी’, ‘बापू’ अशा हाका लिहून घेतल्या.

“आणि तुमी काय म्हणता, आजी?”

“आवं म्हनते की. नाव कसं घ्यायचं, बाबा?”

इलियासनं हसत हसत लिहिलं आणि संध्याकाळी पुसून टाकलं. “हे काय नाव हाय व्हय?”

एक हाक पुसायची, तर मॅपर त्या माणसाच्या साऱ्याच ओळी पुसतो आणि उरलेल्या पुन्हा लिहितो. तेवढ्या क्षणापुरते आकाराम माझ्यातून पार नाहीसे झाले. ‘फौजी’ परतला, ‘बापू’ परतला. ‘आवं’ परतलं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला मनुबाई औषधं घ्यायला वळल्या आणि आकाराम बाकावरून उठून कुठंतरी गेले. डोळ्यांत औषध घातलेलं, समोर हायवे. मनुबाई काउंटरकडं धावल्या. सुमैरानं मला उघडून स्पीकरवरून पुकारा केला, “फौजी... बापू...” कुणी आलं नाही. शेवटी तिनं माइक मनुबाईंच्या हातात दिला.

“आजी, तुमीच हाक मारा.”

“आवं...” मनुबाईंनी माइक तोंडाशी धरला. “आवं, कुठं हाय तुमी? हिकडं या की.”

बाकांवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या! आणि फाटकाबाहेर, रस्त्यात पाय टाकायच्या बेतात असलेली एक पांढरी टोपी मागं वळली.

“अगं, वरडतीस कशाला?” आत येत आकाराम म्हणाले. “हितंच हाय की मी.”

त्याच दिवशी इलियासनं ‘आवं’ची ओळ पुन्हा लिहिली.

यंदा मनुबाई एकट्याच आल्या. “त्यास्नी तपासनीला बोलवनं येतंय मोबाइलवर,” त्या सुमैराला म्हणाल्या. “तेवढं बंद कर, बाय. त्ये गेलं.” सुमैरानं आकारामांची नोंद काढून टाकली. फौजी, बापू, आवं, सगळं माझ्यातून निघून गेलं. मला रडू येत असतं, तर तेव्हा आलं असतं.

मनुबाईंच्याही डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. इलियासनं त्यांचं नाव लिहिलं आणि हळूच विचारलं, “आजी, तुमाला काय हाक मारत्यात?”

“अगं,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरत, “आता म्हनायला कोन न्हाई. तरी लिव.”

इलियास हसला नाही. त्यानं लिहिलं.

आता पंख्याच्या घरघरीत मला ‘अगं’ हीच हाक ऐकू येते. माझी एवढीच विनवणी आहे. पुढं कुणी साफसफाईला बसलं आणि ‘हे काय नाव झालं?’ असं वाटलं, तरी ती ओळ पुसू नका. मनुबाई आहेत तोवर तिला राहू द्या.