पाइपाच्या मापाचा

समुद्राखालच्या पाइपलाइनीत बर्फ धरला त्या आठवड्यात मी गोल होत गेलो. आधी खांदे गेले, मग कंबर. बुधवारी नाश्त्यापर्यंत मी बरोबर पाइपाच्या मापाचा झालो.

पाइपातला बर्फ आणि गाळ काढायला आम्ही समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरून एक रबरी बोळा सोडतो. त्याला पिग म्हणतात. मागून गॅस रेटतो आणि पिग किनाऱ्यावर निघतो. ह्या वेळी सोडलेले दोन्ही पिग निघालेच नव्हते.

"पुष्कर, हात वर कर रे," आमचे सुपरवायझर हिरामणदादा म्हणाले. त्यांनी माझ्याभोवती टेप फिरवली. "आयला, रबरपण एवढं मापात येत नाय."

"दादा, माझं लग्न ठरलंय."

"मग बरंच की. किनाऱ्यावरच जातोयस."

वायरलेसवर किनाऱ्यावरच्या कावेरीमॅडम होत्या. "सोडा लवकर. शहरात शेगड्या विझायला लागल्यात. आम्ही इकडे दार उघडून काढून घेतो त्याला."

"नक्की ना, मॅडम?"

"अहो, पिग काढतोच ना आम्ही?"

दादांनी नेहमीसारखा नारळ फोडला, मला कुंकू लावलं आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात कोंबला. पिगला ते खोबरं देत नाहीत, त्यामुळे जरा बरं वाटलं. मग मला पाइपात सरकवलं आणि मागचं झाकण लागलं.

बर्फाशी दोन्ही पिग टेकून बसले होते. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी डोकं लावलं, बर्फ कुरकुरला आणि फुटला. मागून गॅस सुटला. किनारा आल्यावर मी दारावर आतून ठोकलं.

"आला तो," बाहेर कुणीतरी म्हणालं.

"दार उघडायचं तर गॅस बंद करावा लागेल," कावेरीमॅडमचा आवाज.

"मग?"

"आत्ता कुठे चालू झालाय."

"मॅडम, मी पुष्कर!"

"हो पुष्कर, दोन मिनिटं हं," त्या म्हणाल्या, आणि शहराकडचा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला.

पुढचा पाइप बादलीएवढा होता. मी त्यात बसलो. मग मनगटाएवढा. त्यातही बसलो. मी कुठेच अडकत नव्हतो, भीती वाटली ती त्याचीच. बोटाएवढ्या नळीत मी दोन्ही हात भिंतींना रेटून धरले. हातच नळीसारखे वळले. शेवटी नारिंगी रबरी नळी आली. ती संपली तिथे वर गोलात बारीक भोकं होती, आणि प्रत्येक भोकातून कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं छत दिसत होतं.

"आई, गॅस आला वाटतं. वास येतोय."

"मग बघत काय उभी राहिलीस?"

मी सगळ्या भोकांतून एकदम "थांबा" म्हणालो. बाहेर नुसतं फुसफुसलं.

लायटर टकटकला. पेटलं नाही. तिने तो आणखी जवळ आणला.