हनुवटीवरचा हात

आमच्या घरातला कुठलाही फोटो काढून बघा, आत्याचा उजवा हात हनुवटीवर असणार. लग्नातला ग्रुप फोटो असो नाहीतर तिच्या निवृत्तीचा, बाकीचे दात काढून उभे आणि ही आपली गहन विचारात. आम्ही भावंडं तिला 'तत्त्वज्ञ' म्हणायचो. ती हसायची, पण हात काही काढायची नाही. आता नव्वदी ओलांडली तरी तेच.

मी वाचनालयाच्या डिजिटल संग्रहात काम करते. शंभर वर्षांपूर्वीची मासिकं आणि पुस्तकं स्कॅन होऊन आली की मी प्रत्येक मजकुराला त्याचा खण ठरवून देते: 'स्थानिक इतिहास' किंवा 'लघुकथा'. वाटतं तेवढं सोपं नाही हे. त्या काळचे इतिहासकार गोष्टीवेल्हाळ आणि गोष्टी लिहिणारे खऱ्या रस्त्यांवरची खरी दुकानं मोजत बसणारे, त्यामुळे माझं डोकं कायम तापलेलं असतं. मदतीला एक नवं सॉफ्टवेअर आलंय. एखादं चित्र निवडलं की तेच चित्र संग्रहात आणखी कुठे आहे ते ते दाखवतं.

त्या दिवशी मी त्याला थोरल्या आजीचा फोटो दिला. थोरली आजी म्हणजे आजोबांची पहिली बायको, आत्याची आई. इथल्या दवाखान्याची ती पहिली परिचारिका. आत्याच्या जन्मानंतर चार दिवसांत ती गेली. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि त्या लग्नातून माझे बाबा. म्हणजे तिच्या रक्ताचा थेंबही माझ्यात नाही, तरी लोक मला "डोळे अगदी थोरल्या आजीचे" म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. तिचा एकुलता एक फोटो शहराच्या इतिहासाच्या पुस्तकात होता. आजोबांनी ते पान कापून फ्रेम केलं आणि पाच वर्षांच्या आत्याच्या हातात दिलं. तेव्हापासून आत्या रोज रात्री झोपण्याआधी त्या फोटोशी बोलते. आज कोण आलं, गुडघा किती दुखला, मी जेवताना कशी तोंड वाकडं करते, सगळं सांगते.

येत्या रविवारी दवाखान्याला शंभर वर्षं होणार होती. फोटो मोठा करून दालनात लावायचा आणि त्यावरचा पडदा आत्याने सरकवायचा, असं ठरलं होतं. तिने त्यासाठी नवे कपडे शिवून घेतले होते. मला फक्त जरा स्पष्ट प्रत हवी होती.

संगणकाच्या पडद्यावर एकाऐवजी तीन चित्रं आली.

एक आमचं. दुसरं एका मासिकातल्या लघुकथेच्या माथ्यावर. तोच तिरका भांग, तीच गोल गुळगुळीत हनुवटी, भुवईवर तीच बारीक पांढरी रेघ. लहानपणी झाडावरून पडल्याची ती खूण, असं बाबा रंगवून सांगायचे. मी गोष्ट वाचली. एक बाई तान्ह्या मुलीला स्टेशनच्या बाकावर ठेवते आणि परक्या माणसाबरोबर गाडीत बसून निघून जाते. मागे वळूनही बघत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या आजीचा फोटो? असल्या गोष्टीला?" मी ओरडलेच. "ती बिचारी बाळंतपणात गेली, आणि या मेल्यांनी तिलाच पळपुटी केली!"

स्कॅनिंग करणारा आमचा सहकारी कानातलं गाणं काढून शेजारी येऊन उभा राहिला. तो मला घाबरतो, पण खरं बोलायचं सोडत नाही.

"ताई, चिडू नका. आधी अंक कधीचा ते बघा."

अंक एकोणीसशे नऊचा होता. इतिहासाचं पुस्तक एकोणीसशे छत्तीसचं. थोरली आजी चौतीस साली गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, म्हणजे ही गोष्ट छापली गेली तेव्हा ती धड बोलायलाही लागली नसेल.

तिसरं चित्र मी उघडलं. केसांच्या तेलाची जाहिरात. 'महिनाभरात घनदाट केस, अन्यथा पैसे परत.' आणि खाली माझी थोरली आजी.

"छापखाना तिन्हीकडे एकच आहे," तो हळूच म्हणाला. "त्यांच्याकडे चित्रांचे ठसे मोजकेच असायचे. फोटो मिळाला नाही की खणात हात घालून एखादी बाई काढायची आणि छापायची. ही रेघ म्हणजे ठशावरचा ओरखडा आहे."

साठ माणसांचं आमचं खानदान आणि तेलाच्या जाहिरातीतल्या बाईच्या ओरखड्यावर आम्ही झाड वाढवलं होतं! हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे आत्या आली. सांगायचं कसं? आणि न सांगता रविवारी तिला त्या पडद्यापुढे उभं करायचं कसं?

घरी गेले तर ती नवे कपडे मांडीवर घेऊन बटणं तपासत बसली होती.

"मिळाला का गं आईचा चांगला फोटो?"

मला नाटक जमत नाही. तिन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि सांगून टाकलं. ठसा, छापखाना, सालं, सगळं. तिने भिंग घेऊन तिन्ही चेहरे पाहिले, पुन्हा पाहिले. मग भिंग खाली ठेवलं.

"मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते?"

तिने तिन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

"छापखान्याचं सोड. त्यांना काय पडलेली?" तिचा आवाज चढला. "पण बाबा? बाबा तर तिच्याबरोबर राहिलेला माणूस! पान कापताना त्यांना दिसलं नसेल ही ती नाही म्हणून?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबांना माहीत होतं. घरात पुसटसाही फोटो नव्हता, पोरगी आई मागत होती आणि त्यांनी तिला हाताला लागली ती बाई दिली.

"तुला काहीतरी हवं होतं म्हणून..." मी पुटपुटले.

"त्यांची बाजू घेऊ नकोस!" ती कडाडली. "एकदा सांगितलं असतं, अशी होती, तशी होती, तर भागलं असतं माझं. हे चित्र दिलं आणि तोंड बंद केलं. मी या बाईसारखा भांग पाडला. हिची हनुवटी गोल, माझ्या हनुवटीला हा खड्डा. लाज वाटायची मला. आईचं काहीच नाही आपल्यात, निदान झाकून तरी ठेवू."

तेव्हासुद्धा हात हनुवटीवरच होता. मी बावन्न वर्षं त्या हाताला हसत आले होते. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने मांडीवरचे कपडे घडी करून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "दवाखान्यात फोन कर. फोटो नको म्हणावं, नुसतं नाव लावा. मी येईन."

"बरं."

"आणि आरसा आण. तो मोठा. बाबांचा फोटोही आण."

मी दोन्ही तिच्यासमोर टेबलावर उभे केले. आजोबांचा फोटो मात्र स्टुडिओतला, खराखुरा. नाक पुढे, कपाळ मोठं, कान पसरट.

"आता सांग. नाक कोणाचं?"

"आजोबांचं. आमच्या सगळ्यांचंच."

"कपाळ?"

"आजोबांचं."

"कान?"

"त्यांचेच गं, माझेही तसेच आहेत."

"डोळे?"

मी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "त्यांचेच."

"वजा कर त्यांना," आत्या म्हणाली. "सगळे वजा कर. काय उरतं ते सांग मला."

मी बघत राहिले. मग तिचं मनगट धरलं आणि हात हळूच खाली घेतला. तिने घेऊ दिला. हनुवटीला मधोमध खोल खड्डा होता. आजोबांना नव्हता, बाबांना नव्हता, आमच्यात कोणालाच नाही.

"हे उरतं," मी म्हटलं.

आत्याने आरसा जवळ ओढला. बोट त्या खड्ड्यात टेकवलं आणि आरशाकडे बघत, रोज रात्री बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "आज फार गोंधळ झाला गं, आई."