एकोणसाठाव्या पानावरचं बदक

मित्रांनो, मी एक जुनी खुनाची कादंबरी आहे. मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या मुलखात, फिरत्या वाचनालयाच्या गाडीत. माझ्या पोटात सोन्याच्या खाणींच्या काळातला एक खून आहे. एक पाववाली विधवा खुनी शोधते आणि जाताजाता हवालदाराच्या प्रेमातही पडते. नवी होते तेव्हा माझ्यासाठी नंबर लागायचे!

आमच्या म्हाताऱ्या वाचकांची एक खोड. कुठलं पुस्तक वाचलंय ते आठवत नाही, म्हणून प्रत्येकजण ठरलेल्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करतो. डल्सीबाईंची खूण म्हणजे एकोणसाठाव्या पानाच्या कोपऱ्यात इवलंसं बदक.

डल्सीबाई गेल्या. मग एका गुरुवाराआड त्यांचे यजमान मर्व गाडीवर येऊ लागले. या माणसाने जन्मात बियाण्यांच्या यादीपलीकडे काही वाचलं नव्हतं. एकोणसाठावं पान उघडायचं, बदक दिसलं की ते पुस्तक घरी न्यायचं. "जेवताना ती ह्याच लोकांच्या गोष्टी सांगायची, मी नुसता हूं हूं करायचो," ते म्हणायचे. "आता ऐकतोय."

मग ब्रॉनी ही नवी ग्रंथपाल आली. भारी कामसू पोर. मर्वनी त्या गुरुवारी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, दहा उघडली.

"बदकं कुठं गेली गं?"

"त्या रेघोट्या? सगळ्या खोडल्या! लोकांनी काय घाण करून ठेवली होती!"

मर्व मटकन पायरीवर बसले. कारण कळलं तशी ब्रॉनी रडकुंडीला आली. "अहो मर्व, हे काय करून बसले मी!"

मी तेव्हा रद्दीच्या खोक्यात होते. चार वर्षं कुणी हात लावला नव्हता. ब्रॉनीने एकेक पुस्तक उन्हात तिरकं धरून पाहिलं, शेवटी मलाही. मग मर्वचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. शिसं गेलं होतं, पण खाच तशीच होती.

"ही चोच," मर्व म्हणाले. "दाबून लिहायची बया. बाजाराची यादीसुद्धा तीन पानं खाली उमटायची."

पंधरा दिवसांनी त्यांनी मला परत आणलं. "खुनी पाद्रीच! मला दहाव्या पानावरच कळलं होतं. पण त्या हवालदाराला लग्नाचं विचारायला तीनशे पानं? मला तरी कुठं लवकर जमलं, सात वर्षं लागली म्हणा."

मित्रांनो, पुस्तकांवर रेघोट्या मारू नका, हे खरंच. पण खोडरबर उचलण्याआधी एकदा विचारा, ही खूण कुणाची? माझ्या एकोणसाठाव्या पानावर आता दोन बदकं आहेत. दुसरं जरा बटाट्यासारखं दिसतं. ब्रॉनीने ते खोडलेलं नाही.