रावजीची धनगरीण

"थांबा, थांबा," तात्याबा म्हणाला, "ही फुला मरती व्हय?"

नाटक वाचता वाचता रावजी थांबला. हातातले कागद सावरत त्यानं समोर बघितलं. बांधावर घोंगडं टाकून बसलेल्या तात्याबाच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

गावच्या जत्रेतलं नाटक दरसाल रावजीच लिहायचा. तसा माणूस वांगी-मिरच्या पिकवणारा, पाटाचं पाणी कधी सुटतंय याची वाट बघणारा. पण चैत्र लागला की त्याच्या अंगात राजे-महाराजे शिरायचे. यंदा मात्र त्यानं धनगराचं बिऱ्हाड लिहायला घेतलं आणि तिथंच पंचाईत झाली. राजे लिहिणं सोपं, राजा काही उठून विचारायला येत नाही. धनगर मात्र रानात मेंढरं घेऊन बसला होता!

अंथुर्ण्याचा तात्याबा दरवर्षी गहू निघाला की रावजीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचा. मेंढरं रात्रभर एका जागी बसली की रानाला खत मिळायचं आणि तात्याबाला ज्वारी. व्यवहार एवढाच, पण दोन्ही घरं कधी एकमेकांची झाली ते कुणालाच कळलं नाही. गेल्या साली याच रानात तात्याबाची बायको साखरबाई तापानं गेली. रावजीनं बैल फेसाळेपर्यंत गाडी बारामतीला पळवली, डॉक्टरला घेऊन आला, तोवर त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं. ते काही रावजीच्या मनातून जाईना. साखरबाई त्यालासुद्धा बहिणीसारखी रागवायची. जत्रेला सगळ्या गावानं तिच्यासाठी एकदा रडावं, असं त्याला फार वाटत होतं. नाव बदलून त्यानं फुला केलं होतं, पण नाव बदलून काय झाकतंय?

"आधी तात्याला वाचून दाखवा," द्वारकाबाईनं त्याला बजावलं होतं. "दुखणं त्येचं हाय. त्यो नगं म्हणला तर कागद चुलीत. आन् त्यो रुसून गेला, तर तुमी बी जा त्येच्या मागनं मेंढरं राखायला. मला तोंड दावू नगा."

रावजीलाही घोर तोच होता. नाटक गेलं तर गेलं, पण तात्याबा गेला तर काय करायचं?

"व्हय," तो कसाबसा म्हणाला. "मरती."

"वाचा म्होरं."

रावजीनं वाचलं. फुला नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, "नाथ, जन्मभर तुमच्या पावलामागं पाऊल टाकत आले, आता या दासीला निरोप द्या." मग धनगर छाती पिटून आक्रोश करतो. वाचता वाचता रावजीच्याच डोळ्यांना धारा लागल्या. त्यानं हळूच मान वर केली. तात्याबाचे खांदे गदगदत होते. अरे देवा, रडवलं बिचाऱ्याला, असं म्हणून तो उठायला लागला, तर तात्याबा हसत होता!

"नाथ?" त्याला धड बोलताही येईना. "रावजी, अवो, साखरी मला मुडद्या म्हणायची!"

पलीकडं वांगी तोडत असलेली द्वारकाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. "मी तरी कवा नाथ म्हणलं? ही असली बाई तुमी बघितली तरी कुठं?"

रावजी चांगलाच खजील झाला. बघितली कुठंच नव्हती. गेल्या सालच्या नाटकातली राणीच होती ती. त्यानं तिचा मुकुट काढून तिला घोंगडं दिलं होतं, इतकंच.

"फाडून टाकतो," तो म्हणाला. "आमी वांगी-मिरच्यांचं माळवं करणारी माणसं. तुमचं बिऱ्हाड आमाला काय लिवता येणार?"

"का न्हाय येणार?" तात्याबाचं हसू एकदम ओसरलं. "ऱ्हाऊ द्या कागद. तिचं नाव घेणारं कोण ऱ्हायलंय दुसरं? पोरी आपापल्या घरी. मी मेंढरांशी किती बोलणार? लिवा तुमी. फकस्त तिला मारू नगा. मेलेली मी एकदा बघितली, पुन्यांदा न्हाय बघवणार."

रावजीनं कागद बाजूला ठेवले. मग तात्याबाच म्हणाला, "आन् ती मागनं चालत न्हाय. आमच्यात बिऱ्हाड पुढं जातं. बाई घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं लादती आन् म्होरं हुती. मेंढरं घिऊन गडी मागनं येतो. आमी पोचूस्तवर चूल पेटल्याली आसती."

"आन् शिव्या तयार," द्वारकाबाई म्हणाली.

"तर! एवढा येळ कुठं उलथला हुता, ह्येनंच सुरवात!"

त्या दुपारी रावजीनं कागद पुन्हा पुढं ओढले. तात्याबा सांगत गेला, द्वारकाबाई भर घालत गेली, आणि साखरबाई कशी भांडायची, कशी तंबाखू मागायची, रावजीला वांग्यांवरून कशी झापायची हे आठवून तिघं हसून हसून दमली.

जत्रेच्या दिवशी फुलाचं काम करायला कुणी तयार होईना. एवढ्या शिव्या ऐनवेळी पाठ कोण करणार? अखेर रावजीनंच मिशी उतरवली आणि द्वारकाबाईचं लुगडं नेसला. ती त्याला निऱ्या घालून देताना इतकी हसली की दोनदा सोडून पुन्हा नेसवावं लागलं.

नाटक रंगलं. बायकांनी तर फुलाच्या एकेका शिवीला टाळ्या दिल्या. शेवटी फुलानं घोड्याचा दोर हातात घेतला आणि वळून म्हणाली, "मी म्होरं हुती. तुमी मेंढरं घिऊन या. वाटंत बसून ऱ्हाऊ नगा." आणि ती निघून गेली. पडदा पडला.

लोक तसेच बसून राहिले. लगीन नाही, मरण नाही, हा कसला शेवट? मागून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "ए, फुडं काय?"

पुढच्या रांगेतून तात्याबा उठला. पडद्याआड रावजीचा जीव टांगणीला लागला. फटीतून तो बघत होता. तात्याबानं पटका सारखा केला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि माळावर लांब गेलेल्या माणसाला हाक घालावी तशी पडद्याकडं बघून हाक दिली.

"तू हो म्होरं! आलोच मी!"

मंडपातल्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. पडद्याआड लुगड्याचा पदर तोंडात कोंबून रावजी उभा होता. त्याला फार वाटलं, उलट हाक द्यावी, पण साखरबाईनं काय म्हटलं असतं ते त्याला सुचेना.