पट एक, हजर एक

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळफळा आहे. नावाप्रमाणे मला गुंडाळता यायला हवे, पण गेली तीस वर्षे मला कोणी गुंडाळलेले नाही. आज कुणी तसा प्रयत्न केलाच, तर माझा कडकन तुकडा पडेल. असे का झाले ते सांगायचे, तर आधी सुगंधाबाईंची गोष्ट सांगावी लागेल. त्यांनी माझा सत्यानाश केला, असे पुष्कळ लोक म्हणाले. मी मात्र त्यांना एका शब्दाने दोष देणार नाही.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरचा. तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. शहागंजच्या एका बोळात मोहियोद्दीन पेंटर पाट्या रंगवायचे आणि मागणी आली की शाळांसाठी फळे करून द्यायचे. त्यांनी जाड मांजरपाट चौकटीवर ताणला, त्यावर काळ्या रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात वाळला की पॉलिशपेपरने घासला आणि वर-खाली एकेक लाकडी दांडी ठोकली. झाला फळा तयार. सन १९९४चा जानेवारी महिना होता. त्या आठवड्यात मोहियोद्दीनचाचांना मान वर करायला फुरसत नव्हती, कारण मराठवाडा विद्यापीठाला नुकतेच बाबासाहेबांचे नाव मिळाले होते आणि स्वागताचे फलक रंगवून घ्यायला माणसे दाराशी उभी होती. सोळा वर्षे त्या नावासाठी झगडा चालला होता. त्यात माणसे मेली होती, घरे जळली होती.

मला न्यायला आलेले पुंजाराम गुरुजी एका ओल्या फलकापुढे उभेच राहिले. चाचांनी विचारले, “गुरुजी, हरफ बराबर हैं ना? कुछ छूटा तो नहीं?”

“नाही चाचा, काही सुटलं नाही,” गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी मला गुंडाळले, सायकलच्या दांडीला बांधले आणि गंगापूर रस्त्याला लागले.

आमची शाळा बोरमाळ नावाच्या वस्तीवर होती. तिथून वाळूजच्या कारखान्यांचे भोंगे ऐकू येत. वस्तीतली निम्मी माणसे कंपनीच्या बसने पाळीला जात आणि निम्मी मेंढरांमागे जात. शाळेला दोन खोल्या आणि गुरुजी एकटे. एका खोलीच्या भिंतीला फळा होता, दुसऱ्या खोलीच्या भिंतीला नुसते पोपडे. म्हणून तिसरी-चौथीचा वर्ग लिंबाखाली भरायचा आणि मी लिंबाच्या खिळ्याला लटकायचो. मला तो खिळा फार आवडायचा. भिंतीवरच्या फळ्याला कधी वारा लागला नसेल, मला रोज लागायचा.

गुरुजींची एक रीत होती. सकाळी आले की माझ्या उजव्या कोपऱ्यात ते तारीख लिहीत आणि तिच्याखाली पट व हजर. पट म्हणजे वर्गात नावे किती, हजर म्हणजे आलेली मुले किती. अशी रीत सगळ्याच शाळांत असते, पण दोन आकडे जुळले नाहीत तर गुरुजींचा घास गोड लागत नसे. मधल्या सुट्टीत ते स्वतः त्या घरापुढे जाऊन उभे राहत आणि पोर का आले नाही ते विचारत. लोक त्यांना हसत. सुगंधाबाई मात्र हसत नसत.

सुगंधाबाईंची सारजा चौथीत होती. घरात दीडशे मेंढरे, एक घोडी, नवरा कारभारी आणि म्हातारी सासू चतुराबाई. दसऱ्यानंतर मेंढरे गोदावरीच्या अंगाला चरायला निघत, ती थेट पावसाळ्याच्या तोंडी परत येत. थोरली मुलगी केसर अशीच एकदा शाळेला चार दिवस सुट्टी होती म्हणून मेंढरांबरोबर गेली होती. चार दिवसांचे चार महिने झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न होऊन गेले. तेव्हापासून सुगंधाबाईंनी नवऱ्याकडून बोल घेतला होता. शाळा चालू आहे तोवर सारजा वस्तीवर आजीपाशी राहील. शाळा बंद झाली तर बोल संपला. कारभारी कडक माणूस होता, पण दिलेला बोल मोडणारा नव्हता.

आणि त्याच वर्षी साथ आली. पितृपंधरवड्याचे दिवस होते. बीडकडे आणि सुरतेला प्लेग आल्याची बातमी रेडिओवर लागली. कारखान्यातून येणारी माणसे तोंडाला हातरुमाल बांधून बसमधून उतरू लागली. घरात मेलेला उंदीर दिसला की सगळी वस्ती ओट्यावर येऊन बसे. शाळा बंद होणार, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा गुरुजींनी पालकांना लिंबाखाली बोलावले. मी खिळ्यावर होतोच.

बिल्किसबी आधी उठल्या. त्यांचे यजमान शफीकभाई कारखान्यात होते आणि मुलगी रईसा सारजाच्या शेजारी बसायची.

“गुर्जी, इस्कूल आजच बंद करा,” त्या म्हणाल्या. “माझं एक लेकरू दोन दिसाच्या तापात गेलं. डागदराकडं न्यायला बी सवड भेटली नाय. आता मी दुसरं देणार नाय.”

सुगंधाबाई कधी चारचौघांत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. “बंद करू नका गुर्जी. तुमची रईसा घरी बसंल, बिल्किसबी, आन पुन्यांदा शाळंत यील. माझी गेली की गेली.”

“तर काय जीव धोक्यात घालायचा व्हय?”

“माझ्या लेकीचा जीव तिकडं बी धोक्यातच हाय की.”

दोघींचे आवाज चढले. मला दोघींचेही पटत होते. गुरुजींनाही पटत असावे. दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून निरोप आला. पुढील आदेशापर्यंत शाळा बंद.

त्याच दुपारी कारभारीने घोडीवर सामान बांधायला घेतले. साथीच्या भीतीने त्याने दसऱ्याची वाट पाहिली नाही. सारजाचे दप्तर आजीच्या उतरंडीवर चढले. तेवढ्यात गुरुजी मला खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात आले.

“सुगंधाबाई,” ते म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमचं घर जळालं, तेव्हा मी नववीत होतो. आठ दिवसांसाठी म्हणून मामाकडं गेलो आणि दोन वर्षं विटा उचलल्या. माझी जागा रिकामी आहे, हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. हा फळा घेऊन जा. सहामाहीला लागतं ते सगळं लिहून देतो. मी सायकलवर येईन, जुनं पुसून नवं लिहीन.”

ते तिथेच ओसरीवर बसून लिहीत राहिले. एकवीस ते तीस पाढे, भागाकाराची रीत, एक कविता. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात त्यांनी तारीख घातली आणि खाली लिहिले, पट १, हजर १. सारजाने आईचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवले. “आये, ह्यो एक म्हंजी मी,” ती म्हणाली.

निघताना बिल्किसबी आल्या. त्यांनी सारजाच्या हातात दोन पदरी कापडाचा शिवलेला रुमाल दिला. तोंडाला बांधायला नाड्याही लावल्या होत्या.

मित्रांनो, घोडीच्या पाठीवरचा प्रवास फळ्याला मानवत नाही. दुसऱ्या मुक्कामाला मला उलगडले, तर पाढ्यांचा निम्मा खडू झडून गेलेला. सारजा रडवेली झाली. सुगंधाबाईंना वाचता येत नव्हते, पण जे झडते आहे ते आपल्या लेकीचे आहे एवढे त्यांना कळत होते.

त्या माहेरच्या घोंगडी विणणाऱ्यांतल्या. नव्या घोंगडीची लोकर झडू नये, वीण घट्ट बसावी, म्हणून तिला चिंचोक्याची खळ देतात. लोकर राहते, तर खडू का राहणार नाही? त्यांच्या गाठोड्यात चिंचोके होतेच. त्यांनी ते भाजून टरफले काढली, रात्रभर भिजत घातले, सकाळी दगडावर वाटून चुलीवर शिजवले आणि गवताच्या कुंच्याने ती खळ माझ्यावर थापटली. गुरुजींनी जिथे ‘एक’ लिहिला होता, त्या कोपऱ्यावर त्यांनी दोनदा हात दिला.

ओला होताच मी ठार काळा पडलो. एकही अक्षर दिसेना. सुगंधाबाई कपाळावर हात मारून माझ्यापुढे बसल्या. मग ऊन चढले, खळ वाळत गेली आणि एकेक पांढरी रेघ परत दिसू लागली. बरेच पाढे फिसकटले होते, कवितेच्या दोन ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या, पण कोपरा जसाच्या तसा होता. सुगंधाबाई हसल्या. मीही हसलो असतो, पण मी तोवर लाकडासारखा ताठ झालो होतो.

नवव्या दिवशी गुरुजी आले. गंगापूरच्या पुढे एका शेतात मेंढरे बसवली होती. गुरुजींनी सायकल बांधाला टेकवली, खिशातून डस्टर काढले आणि मला पुसू लागले. काही पुसेना. खडू ओढून पाहिला, तर तो सटकला. काय झाले ते त्यांना कळले.

“गुर्जी, म्या तर जपाया गेले,” सुगंधाबाई खालमानेने म्हणाल्या.

“फळा जपायचा नसतो, बाई. पुसायचा असतो,” गुरुजी म्हणाले. नवा फळा पुन्हा मिळायला किती वर्षे लागणार होती, ते त्यांनाच ठाऊक. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आलेल्या कामाचे सांगितले. भीती ओसरली होती. सोमवारपासून शाळा उघडणार होती, दिवाळीच्या आधी सहामाही होती, आणि सारजाला परत पाठवा, हे सांगायला ते आले होते.

कारभारी कोकराच्या पायातला काटा काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, “शाळा बंद झाली तवाच आपला बोल संपला, गुर्जी. आता पोरगी मेंढरांच्या कामाला लागली.”

सारजा जागच्या जागी थिजली. सुगंधाबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि नवऱ्यापुढे बांधाला टेकवून उभे केले.

“सारजे, कोपऱ्यातलं वाच.”

“पट एक. हजर एक.”

“ऐकलं का?” सुगंधाबाई म्हणाल्या. “शाळा बंद कुठं झाली व्हती? ही रोज पाढं म्हनत व्हती आन गुर्जींच्या हातची हजरी रोज लागत व्हती. बोल आजून चालू हाय.”

कारभारीने माझ्याकडे पाहिले. अंगठ्याने तो ‘एक’ घासून पाहिला. तो हलला नाही. मित्रांनो, साधा खडू असता तर नऊ दिवसांत तो घोडीच्या पाठीला लागून गेला असता, आणि मग दाखवायला काहीच उरले नसते.

“गुर्जी, ह्ये खरं हाय का?” त्याने विचारले.

“माझ्या हातचं आहे,” गुरुजी म्हणाले. “मी खोटी हजेरी कधी लिहीत नाही.”

कारभारीने काटा काढला आणि कोकरू खाली सोडले. “मेंढरं म्या बघतो,” तो शेवटी बायकोला म्हणाला. “लेकीला आजीपाशी घाल आन दोन दिसात माघारी ये.”

सारजा गुरुजींच्या सायकलवर बसली. मी गुंडाळला जात नव्हतो आणि सायकलवर मावतही नव्हतो. मग सुगंधाबाईंनी मला डोक्यावर घेतले आणि वस्तीपर्यंत उन्हातून चालत आल्या. फळ्याला डोक्यावर घेऊन कोणी एवढे चालले असेल, असे मला वाटत नाही.

सोमवारी शाळेच्या दारात सर्वांत आधी बिल्किसबी रईसाचा हात धरून उभ्या होत्या. त्या दिवसाचा पट तेवीस होता आणि हजर एकोणीस. न आलेली चार मुले कारखान्याच्या बांधकामावरच्या मजुरांची होती. भीतीने त्यांचे आईबाप रातोरात गाव सोडून गेले होते. गुरुजी त्यांच्या झोपड्यांपुढे जाऊन आले, पण तिथे विचारायला कोणीच नव्हते. त्या चौघांचे पुढे काय झाले, ते मला आजही माहीत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते.

सारजा चौथी पास झाली, पुढे बजाजनगरच्या शाळेत गेली आणि शिकून नर्स झाली. गुरुजींची बदली झाली. मग मला कोण विचारतो? ज्यावर लिहिता येत नाही तो फळा काय कामाचा? मी कपाटावर पडलो, नंतर फुटक्या खिडकीला लागलो. चिंचोक्याची खळ उंदरांना फार आवडते. त्यांनी माझे पाढे खाल्ले, भागाकार खाल्ला, कविता खाल्ली. खळीचा दुहेरी हात असलेला कोपरा तेवढा इतका कडक होता, की त्याने त्यांच्या दातांना दाद दिली नाही.

परवाच्या मोठ्या साथीत तर शाळा महिनोन्‌महिने बंद होती. ती उघडली तेव्हा नव्या बाईंनी साफसफाई काढली आणि मी अंगणात कचऱ्याच्या ढिगावर आलो. त्याच वेळी एक म्हातारी नातवाचे नाव शाळेत घालायला आली होती. ढिगापाशी येऊन ती थांबली. सुगंधाबाईच त्या. वाकून त्यांनी माझा कोपरा पदराने पुसला आणि त्यावर बोट ठेवून सावकाश वाचले, “पट एक. हजर एक.”

“आजी, तुम्हाला वाचता येतं?” बाईंनी विचारले.

“येवढंच येतंय,” त्या म्हणाल्या.

आता मी वर्गात नव्या फळ्याशेजारी टांगलेला आहे. बाई रोज सकाळी त्याच्यावर पट लिहितात आणि हजर लिहितात. मित्रांनो, मला रंग नको, नवी दांडी नको. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. ते दोन आकडे जुळले नाहीत, तर शेजारची कोणती जागा रिकामी आहे ते बघा आणि शाळा सुटल्यावर त्या घरापुढे जाऊन हाक मारा. त्या चार मुलांना कोणी वेळेवर हाक मारली नाही.