सगळ्यात मागची गाडी

"शेठजी, काहून थांबले? पाय धरला काय?"

ग्यानबाने पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं. समोर चढाच्या मधोमध, छातीवर नंबर लावलेला एक पासष्टीचा माणूस गुडघ्यावर हात टेकून रस्त्याकडे पाहत उभा होता.

"पाय नाही धरला. मुंगळे हायेत."

"कुठी?"

"हे काय. रांग चालली ना रस्त्यातून. जाऊ द्या त्याइले."

ग्यानबाने हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून पाहिलं. खरंच, या बांधावरून त्या बांधापर्यंत काळ्या मुंगळ्यांची जाड रांग चालली होती. म्हाताऱ्याने ती कुठे विरळ होते हे शोधलं, बाजूच्या द्राक्षाच्या ओळीत शिरला, तारांखालून वाकून गेला आणि पलीकडे रस्त्याला लागला. मग पुन्हा तुरुतुरु पळायला लागला. त्याला पळणं म्हणायचं की चालणं, हे ग्यानबाला सकाळपासून ठरवता आलं नव्हतं.

ग्यानबाने एस.टी.त तीस वर्षं गाडी चालवली होती. निवृत्तीनंतर त्याने ही पिकअप घेतली. आज त्याला फक्त एकच काम होतं, सगळ्यांच्या मागे राहायचं. मानोऱ्याकडच्या या टेकड्यांवर नाशिककडच्या लोकांनी वाइनच्या द्राक्षांचे मळे लावले होते, आणि त्या मळ्यांतून यंदा पहिल्यांदाच एकवीस किलोमीटरची डोंगर मॅरेथॉन ठेवली होती. जो थकून बसेल त्याला मागच्या गाडीने उचलायचं. सकाळपासून जे बसले, ते सगळे अँब्युलन्समधून पुढे गेले होते. आता रस्त्यावर हा एकच माणूस होता. कारंजा लाडचे भांड्यांचे दुकानदार, जिनदास शेठ.

ग्यानबाला नवल वाटत होतं. रस्ता आहे, गाडी आहे, गाडीत जागा आहे, आणि माणूस पळतो. तेही जिथून निघाला तिथेच परत यायला.

"शेठजी, एक विचारू काय?" त्याने गाडी बरोबरीने घेत विचारलं.

"विचारा ना. तेवढाच टाइम जाते."

"तुमी जैन लोक. अन् हे दारूच्या द्राक्षाचं रान. समाजात बोलले नाही काय कोनी?"

"बोलले ना. माहा साडू म्हने, जिनदास, आता तू बाटली घेऊनच येशीन. मी म्हनलं, पळाले चाललो बाप्पा, प्याले नाही. अन् द्राक्षानं काय पाप केलं? पाप तर त्याच्या नंतर होते."

ग्यानबा मोठ्याने हसला. पुष्कळ दिवसांनी आपण असे हसलो, हे त्याच्या लक्षात आलं.

चढ संपता संपेना. फेब्रुवारीचं ऊन दहाच्या सुमारास टोचायला लागलं होतं. वरच्या वळणावरचं पाण्याचं टेबल पोरांनी आवरलं होतं, एका कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा खोका तेवढा पडून होता. शेठजींनी कमरेला बांधलेली स्टीलची बाटली तोंडाशी नेली, उलटी केली, झटकली. रिकामी होती.

"त्या खोक्यातलं घ्या ना. सीलबंद हाये."

"मी गाळून पेतो. हातानं गाळलेलं. नेम हाये."

"मंग माह्या कॅनमध्ये हाये पानी. घरच्या हिरीचं. पन गाळाले..." ग्यानबाने सीटमागे हात घातला. काच पुसायला तो बायकोच्या, लिलाबाईच्या, एका जुन्या पांढऱ्या लुगड्याचा धडपा ठेवत असे. त्याच लुगड्याचा आणखी एक तुकडा होता, धुतलेला, घडी घातलेला. तो काच पुसायला कधी काढलाच नव्हता. "हे चालते काय? धुतलेलं हाये."

हात पुढे करताना त्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. त्याच्या आजाला कारंज्याच्या बाजारात लांबून ओंजळीत पाणी ओतत. आजाने ते सांगितलं होतं, फार बोलून नाही, एकदाच. आता हा माणूस काय करतो ते पाहावं, असं ग्यानबाला वाटलं. राग नव्हता. पाहावंसं वाटलं, एवढंच.

जिनदास शेठनी कापड हातात घेतलं, उजेडासमोर धरून पाहिलं. "चांगलं दाट हाये. दुहेरी करा लागन." त्यांनी ते बाटलीच्या तोंडावर दुहेरी धरलं, ग्यानबाने कॅन वाकवला. पाणी भरल्यावर शेठजींनी कापड उलटं केलं आणि बाटलीतलं थोडं पाणी त्यावरून ओतत ते पुन्हा कॅनमध्येच सोडलं.

"हे कायले?"

"कपड्यात बारीक जीव अडकले असतीन ना. त्याइले जिथलं तिथं सोडा लागते. तुमच्या हिरीतले हायेत, तुमच्या हिरीत नेऊन टाका आता."

"म्हंजे आता हे कॅनचं पानी मी पेवो नाही?"

"तुमचा नेम नाही. तुमी प्या."

ते गटागटा प्यायले. ग्यानबाने कापड पिळलं, झटकलं आणि आरशाच्या दांडीला वाळत घातलं.

"चांगलं लुगडं होतं," शेठजी म्हणाले. "बाईचं?"

"हो. मागच्या उन्हाळ्यात गेली. अकोल्याले दवाखान्यात होती."

शेठजींनी मान हलवली. काही पावलं गेल्यावर म्हणाले, "माही बी गेली. पन हाये."

"म्हंजे? कुठी गेली?"

"दीक्षा घेतली तिनं. आता आर्यिका हाये. घर सोडलं, केस उपटले, नाव बदललं. सन्मती होती, आता ते नाव घेता येत नाही. मी बी आता माताजीच म्हनतो."

ग्यानबाची गाडी नकळत थांबलीच. पुन्हा गिअर टाकून त्याने त्यांना गाठलं.

"अन् तुमी जाऊ देलं?"

"परवानगी द्या लागते घरच्यानं. देली. ती दहा वर्षं मागत होती. मग पोरीचं लगन झालं, सून आली, मी म्हनलं जा." ते थांबले, श्वास घेतला. "लोक म्हनते, जिनदास, तुहं भाग्य. हाये भाग्य. मी नाही म्हनत नाही. पन संध्याकाळी दुकानातून घरी गेलो की वरच्या खोलीतून कोनी विचारत नाही, आज काय इकलं म्हनून."

ग्यानबाला ती वरची खोली दिसली, आणि स्वतःचं एकाच खोलीचं घर दिसलं.

"मंग हे पळनं कायले?" शेवटी त्याने विचारलंच. सकाळपासून त्याला हेच विचारायचं होतं.

"मागच्या दिवाळीनंतर माताजींचा संघ कारंज्याहून शिरपूरले निघाला. पायी. ते गाडीत बसत नाही ना, कधीच. चप्पल बी नाही. मी दर्शनाले पोरासंगं कारनं चाललो होतो. तर रस्त्यात पांढऱ्या लुगड्यातल्या सात-आठ जनी चालून राह्यल्या होत्या. मले मागूनच वळखू आली. डावा पाय जरा टाकून चालते ती. लहानपनापासून. पोरानं हॉर्न दाबला, बाजूनं काढली गाडी. आमी पुढे निघून गेलो."

"मंग?"

"मंग काय. एसी चालू होता. थांबून काय करनार होतो? बस म्हनता येत नाही, पानी देता येत नाही, दुखते काय विचारता येत नाही. शिरपूरले पोचल्यावर लांबून नमस्कार केला. तिनं आशीर्वादाचा हात केला, जसा सगळ्याइले करते तसा." त्यांनी कपाळ पुसलं. "तवापासून मले वाटते, गाडीत न बसता मानूस किती जाऊ शकते, हे एकदा आपल्या पायानं पाहावं. एवढंच. दुसरं काही नाही."

इतक्यात ग्यानबाचा फोन वाजला. खालून उदयसिंग बोलत होता. शर्यतीचं सगळं रस्त्याचं काम त्याच्याकडे होतं.

"ग्यानबा काका, टायम संपला. रस्ता मोकळा करा लागते, मळ्याचे ट्रॅक्टर थांबून हायेत. त्या बुढ्याले बसवा अन् या."

"ते बसत नाही."

"बसत नाही म्हंजे? नियम हाये. उचला त्याले."

"उचलाले ते पोतं हाये काय रे? चालून राह्यले ना ते."

"मंग सोडा त्याले, तुमी या. गाडी पाहिजे इथं, खुर्च्या न्याच्या हायेत."

तीस वर्षांत त्याने स्टॉपवर पळत येणाऱ्या माणसाला आरशात पाहून गाडी सोडली नव्हती. त्यासाठी कितीदा उशीर झाला, साहेबांची बोलणी खाल्ली. "उदयसिंग, मानूस रस्त्यावर असताना मी पुढे येत नाही. ट्रॅक्टरवाल्याले सांग, एका कडेनं काढा म्हना."

फोन ठेवला तेव्हा शेठजी खाली बसले होते. रस्त्याच्या कडेला, दगडावर. दोन्ही पोटऱ्या हातांनी दाबत.

"फोन ऐकला मी," ते म्हणाले. "तुमाले तरास झाला."

"मले कायचा तरास. तुमचं सांगा. बसता काय गाडीत? खरं सांगा, कोनाले कळत नाही. खालच्या वळनावर उतरून देतो, तिथून पळत जा."

शेठजींनी गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गाडीचं इंजिन चालू होतं, सीटवर सावली होती, दार उघडंच होतं.

"ग्यानबा भाऊ, एक करता काय? ते गाडी मागून गुरगुर करते ना, तिचा आवाज आला की मन तिकडंच जाते. सकाळपासून मी हिच्याच संगं भांडून राह्यलो. डोंगराचं काही नाही."

ग्यानबाने गाडी चढ संपतो त्या वळणावर कडेला लावली, चावी काढली, मागच्या चाकाला दगड लावला. मग खाली उतरून म्हणाला, "चाला."

"तुमी बी?"

"मी बी पाहतो ना, काय असते तं."

आवाज बंद झाल्यावर टेकडी एकदम वेगळी झाली. तारांवर बसलेली पाखरं बोलत होती. ग्यानबाने याच रस्त्याने सकाळी दोनदा गाडी नेली होती, पण घडांना एवढा गोड वास असतो हे त्याला काचेमागे कळलं नव्हतं. शेठजी लंगडत होते. दोघे उतार उतरायला लागले. मधे एकदा शेठजींचा तोल गेला, ग्यानबाने दंड धरला. शेवटच्या उन्हाळ्यात तो लिलाबाईला अंगणातून न्हाणीपर्यंत असाच धरून नेत असे. तेव्हा अंगण लांब वाटायचं.

"दुखते?" त्याने विचारलं.

"दुखते. पन तुमी विचारलं, बरं वाटलं."

ग्यानबाने जाता जाता एक घड हाताने उचलून पाहिला, तीन मणी तोडून दोन तोंडात टाकले. बारके, काळे, आत बियाच बिया.

"कसं लागते?" शेठजींनी विचारलं.

"गोड हाये. साल जाड हाये. खाता काय?"

"नाही."

"दारूचं म्हनून?"

"न विचारता तोडलं म्हनून."

ग्यानबाने उरलेला एक मणी गुपचूप वेलीखाली ठेवला. शेठजी हसले, आणि हसताना पोटरी आवळली म्हणून कण्हलेही.

खाली पोचले तेव्हा हवेने फुगवलेली कमान जमिनीवर पडली होती आणि दोन पोरं तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होती. मंडप सुटला होता. फक्कीने मारलेली पांढरी रेघ मात्र अर्धी शाबूत होती. ग्यानबा मागे थांबला. शेठजी एकटे पुढे गेले, रेघ पाहिली, तिच्यावर पाय न देता ओलांडली आणि उभे राहिले. कोणी टाळी वाजवली नाही. उदयसिंग दोरी गुंडाळत आला, त्यांच्याकडे पाहिलं, ग्यानबाकडे पाहिलं.

"आले काय बाबा? टायमात नाही आले तुमी. नाव येनार नाही यादीत."

"नाव राहू दे बेटा."

उदयसिंगने दोरी खाली टाकली, पोत्यात हात घालून एक मेडल काढलं, फीत सोडवली आणि त्यांच्या हातात दिलं. "पन आले," तो म्हणाला आणि पुन्हा दोरीला लागला.

"आता तरी गाडीत बसान ना?" ग्यानबाने विचारलं. "कारंज्याले सोडतो."

"आता बसतो ना. मी संसारी मानूस हावो, माताजी थोडीच हावो." शेठजी जमिनीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. "तुमी घेऊन या गाडी. मी हाये इथंच."

ग्यानबा परत चढाला लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने हात करून "बसा काका" म्हटलं, तर तो म्हणाला, "राहू दे, जातो मी." वर पोचेपर्यंत त्याला चांगलाच दम लागला. गाडीत बसल्यावर आरशाच्या दांडीवरचं कापड वाळलेलं दिसलं. त्याने ते काढून घडी घातलं आणि जागेवर ठेवलं.

खाली येता येता शेवटच्या वळणावर त्याला शेठजी दिसले. जिथे बसवून गेला होता तिथे ते नव्हते. बूट-मोजे एका हातात, धोतरासारखी वर खोचलेली पँट, आणि अनवाणी पायांनी ते खडीच्या रस्त्यावर निघाले होते. ग्यानबाचा हात हॉर्नवर गेला होता, तो त्याने काढून घेतला. गाडी तिथेच बंद केली आणि बसून राहिला. समोरून शेठजी येत होते. धारदार खडा पायाखाली आला की थांबत होते, खाली वाकून पाहत होते, आणि पुन्हा दुसरं पाऊल टाकत होते.