हात मागे, दादा!

विमान म्हणून हाक मारलीत तर मी ओ देणार नाही. मी ग्लायडर बोलतोय. लांब पंखांचा, अंगाने हलका. नाकात छोटंसं इंजिन आहे, पण ते वर चढण्यापुरतं. उंची मिळाली की ते बंद करायचं आणि वाऱ्यावर तरंगायचं, हा माझा खरा धंदा.

लाकडी फासळ्यांवर कापड ताणून मला घडवलं. पहिल्या मालकाची हौस फिटली, तसा मी शेडमध्ये धूळ खात पडलो. उंदरांनी माझ्या पंखात संसार थाटला.

मग हे बहीण-भाऊ आले. दादा घड्याळं दुरुस्त करतो, ताई शिवणकाम करते. त्याने इंजिन बोलतं केलं, तिने पंखांना नवं कापड चढवलं. उडायची मात्र एकटी ताई. दादाला शिडीवर चढलं तरी गरगरतं.

माझा पेट्रोलचा कॉक जरा गळका होता. म्हणून उतरल्यावर दादा तो बंद करायचा आणि उडण्याआधी ताई उघडायची. कॉक गोल फिरणारा, कुठेच न अडणारा. अर्धा फिरवला की उघडा, आणखी अर्धा फिरवला की बंद. ताईचा हात इतका सरावलेला, की बोलता बोलता, न बघताच ती तो फिरवायची.

एके दिवशी दादाला बहिणीचं काम हलकं करायची हुक्की आली. त्याने कॉक आधीच उघडून ठेवला आणि सांगायचं विसरला. ताई आली, तिने नेहमीसारखा फिरवला. झालं! नळीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन झोकात सुरू झालं. मी धावलो, जमीन सोडली, कुंपण ओलांडलं, आणि इंजिनने मान टाकली.

अशा वेळी मागे वळावंसं वाटतं. पण इतक्या कमी उंचीवर वळलो असतो, तर आम्हा दोघांचाही निकाल लागला असता. ताईने माझं नाक खाली केलं आणि समोरच्या नांगरलेल्या शेतात मला उतरवलं. माझं चाक मोडलं, तिचा घोटा मोडला.

दादा धापा टाकत आला. त्याने आत डोकावून पाहिलं.

"अगं, हा बंद कसा? मी उघडला होता की!"

"तू उघडलास? मग मी काय केलं?"

दादा ढसाढसा रडला.

"विकून टाकू याला," पुढे शेडमध्ये तो म्हणाला. "तुला काही झालं असतं म्हणजे?"

प्लास्टरमधला पाय पसरून ताई माझा फाटलेला पंख शिवत होती. तिने मानही वर केली नाही.

"चूक आपली आणि घराबाहेर काढायचं याला? मी उडणार, दादा. तू कॉक बदल."

त्याने बदलला. नवा कॉक गळत नाही आणि दोन्ही टोकांना अडतो.

आज मी पुन्हा धावपट्टीवर उभा आहे. ताई आत बसलीय. सवयीने दादाचा हात मदतीला आत आला.

"हात मागे, दादा!"

त्याने निमूटपणे दोन्ही हात पाठीमागे बांधले. ताईने कॉककडे नीट बघितलं, तो फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, "उघडा." मग जागेवरच इंजिन बराच वेळ चालवून पाहिलं.

मला भीती वाटते का? वाटते. पण उंदरांची त्याहून जास्त वाटते. माणसांनो, एकमेकांना जरूर मदत करा, पण केलीत की तोंडाने सांगा. आता बाजूला व्हा, मी निघालो.

कुंपण मागे पडलं. ते शेतही मागे पडलं. इंजिन चालू आहे. खाली दादा वर बघत उभा आहे, आणि त्याचे हात अजून पाठीमागेच आहेत.